समुद्राला सांडवा

“उचल! उचल ती गाडी आधी! माझ्या हिरीवरनं गाडी जायची न्हाई!”

आप्पा असे ओरडले, की मारुतीच्या देवळातली घंटा कुणी हात न लावता वाजली. पिंपळावरचे बगळे उठले ते थेट खोडदला, दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्यांवर जाऊन टेकले. तिथल्या शास्त्रज्ञांना त्या दुपारी आभाळात एखादा तारा फुटल्यासारखं वाटलं असेल, तर तो आमच्या वाडीत फुटला होता, हे त्यांना कुणीतरी कळवायला हवं.

पारसशेठचा हात इंजिनावर होता तो तिथंच थिजला. इंजिन केवढं? तळहाताएवढं. आणि जिच्यावरून ते जाणार होतं ती विहीर म्हणजे चिखलात गळ्यापर्यंत रुतवलेली स्टीलची वाटी. देवळाच्या सभामंडपात टोमॅटोचे क्रेट उपडे मांडून त्यावर प्लायवूड टाकलेलं, आणि त्यावर आम्ही गणपतीचा देखावा उभा करत होतो. समुद्रकाठचं गाव आणि त्यातून धावणारी आगगाडी. खेळण्यातली. तरीही अशी शांतता पसरली, की पत्र्यावरून ओघळणारं पाणीसुद्धा पाय न वाजवता उतरायला लागलं.

कारण आप्पांची खरी विहीरही होती. आणि त्या खऱ्या विहिरीच्या काठावर, चिंचेच्या अंगाला, आषाढात मोजणीवाल्यांनी खुणेचा दगड रोवला होता. रेल्वेचा. खऱ्या रेल्वेचा. गणपती गेले की साहेब पक्क्या मोजणीला येणार होते आणि तेव्हा विहिरीबद्दल काय ते आप्पांनी त्यांना सांगायचं होतं. दगड रोवल्यापासून हा माणूस त्या विषयावर एक अक्षर बोलला नव्हता. घरात नाही, पारावर नाही, माझ्याजवळही नाही. मी त्यांचा धाकटा चुलतभाऊ. माझ्याशी दगडसुद्धा बोलतात, तो खुणेचा दगड सोडून.

आणि बोलले ते एकदम असे.

यंदाही श्रावण सरत आलाय. भीमाशंकरकडून ढग निघतात, शिनोलीपर्यंत रस्त्यानं चालत येतात, तिथं टपरीवर चहा घेतात आणि मग आमच्याकडं वळतात. सगळ्या हवेला ओल्या गोणपाटाचा वास. काल देवळाच्या माळ्यावर सतरंज्या शोधत होतो, तर मल्चिंग पेपरची एक गुंडाळी अंगावर पडली. टोमॅटोच्या बेडवर अंथरतो तो प्लास्टिकचा कागद; एका बाजूनं काळा, दुसऱ्या बाजूनं चंदेरी. उलगडला तर आतून हळदीत रंगवलेला मूठभर भुसा सांडला आणि एक वाळकी लाल मिरची. मिरचीला काळ्या दोऱ्याचे पाय बांधलेले. खेकडा! मी तो तळहातावर घेतला आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं. लोकांना जुन्या दिवसांची आठवण झाली की गोड वाटतं म्हणे. मला त्या भाद्रपदाची आठवण झाली की अजून कान टवकारतात, कुणी ओरडतंय का म्हणून.

आमच्या जुन्नर-आंबेगावात काय नाही? किल्ले आहेत, लेणी आहेत, धरणं तर इतकी की आभाळ आपलं तोंड एकात धुतं आणि पाय दुसऱ्यात. बिबटे असे माजलेत, की उसाला पाणी द्यायला गेलं तर त्यांना “पावणं, जरा सरका” म्हणावं लागतं. नाहीत त्या दोनच गोष्टी, रेल्वे आणि समुद्र. म्हणून मी मंडळाच्या बैठकीत उभा राहिलो आणि म्हणालो, दोन्ही एकदम आणू. मी मंडळाचा तहहयात अध्यक्ष. निवडून कुणी दिलं नव्हतं, पण खाली बस असंही कुणी म्हणालं नव्हतं.

समुद्र पाहिलेला मी एकटाच, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. हरिहरेश्वरला पाहिला. पहिल्या लाटेनं माझी चप्पल नेली आणि दुसऱ्या लाटेनं तिचा अंगठा शिवून परत आणून दिली. त्यामुळं समुद्राचा माल कसा लागतो याची मला माहिती. लाटांना उशीतला कापूस. नारळाच्या झाडांना खराट्याच्या काड्या, वर हिरव्या कागदाच्या झिरमिळ्या. होड्या केळीच्या सोपटाच्या. देवमासा म्हणून एक जंगी दुधी भोपळा काळा रंगवून पाण्यात सोडला. तिसऱ्या दिवशी तो आतून सडला आणि सभामंडपात असा वास सुटला, की आळंदीला निघालेला एक कोकणातला ट्रकवाला देवळासमोर गाडी थांबवून रडला. म्हणाला, घरची आठवण झाली.

वाळूचं काय करायचं हा प्रश्न होता. नदीच्या वाळूला हात लावायची सोय नाही, म्हणून मी भाजलेला रवा पसरला. काय दिसत होता किनारा! दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी सगळा किनारा उचलून बिळात नेला. मी मुंग्यांची पावडर आणायला निघालो तर पारसशेठ आडवे झाले. घोडेगावला त्यांचं हार्डवेअरचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण ते स्वतः आमच्याच शाळेत, माझ्याच बाकावर बसून मार खाल्लेले. त्यांचे पर्युषणाचे दिवस चालले होते, दिवसातून एकदाच जेवत होते, आणि पोटात काही नसलं की त्यांचा आवाज वाढायचा.

“नामदेवभाऊ, मुंगी मारायची न्हाई. मारली तर माझी गाडी परत डब्यात.”

“शेठ, आख्खा किनारा नेला राव त्यांनी!”

“त्यांना लागत आसंल. तुमी भुसा आणा.”

गाडी त्यांची. लहानपणी मुंबईच्या मामांनी दिलेली, दुकानाच्या वरच्या फळीवर डब्यात जपलेली. दर दिवाळीला काढायची, पुसायची, परत ठेवायची. रुळांचे तुकडे एकमेकांत बसवले की एक लांबट गोल तयार व्हायचा. वळण ठरलेलं. ना एक बोट आत, ना बाहेर. रूळ ते शेवटी आणणार होते, कारण आमच्या हातांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यातच सगळं बिघडलं.

तोवर डोंगर आणि गाव आप्पांनी घडवून ठेवलं होतं. आमच्या वाडीत चिखलात हात घालायचा तो आप्पांनीच. त्यांना सांगितलं होतं समुद्रकाठचं गाव कर. त्यांनी मान हलवली आणि केली आमचीच वाडी. हातांना दुसरं गाव माहीतच नव्हतं! तोच मारुती, तीच चढण, माझी टोमॅटोच्या रोपांची नर्सरी, तिच्या दारात माझ्यासारखाच तोंड उघडं टाकून उभा असलेला एक चिखलाचा माणूस. चिंच. आणि चिंचेखाली विहीर. तिच्या पायऱ्यासुद्धा मोजून तेवढ्याच, तिसरी फुटकी. वाटीत पाणी घातलं तेही त्याच विहिरीचं, कळशीतून आणून. स्टेशनच्या पाटीवर मी मोठ्या अक्षरांत रंगवलं, ‘महाळुंगे पडवळ बंदर’. लोक हसले. आप्पा हसले नाहीत. ते पाटीकडं बघत राहिले, जसे त्या दगडाकडं बघायचे.

मल्चिंगच्या चंदेरी कागदाचा समुद्र पसरायला घेतला तेव्हाही एक चकमक झाली. आप्पांनी समुद्राच्या कडेनं बांध घातला आणि एका कोपऱ्यात, जादा पाणी जायला धरणाला असतो तसा, सुबक दगडी सांडवा काढला. समुद्राला! मी कपाळावर हात मारला.

“आप्पा, समुद्राला सांडवा नसतो.”

“मग भरल्यावर पाणी कुठं जातं?”

मी चंद्रापासून सुरुवात केली. भरती सांगितली, ओहोटी सांगितली, हातवारे करून दोन होड्या बुडवल्या. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी ठरल्यालं न्हाई,” ते म्हणाले आणि पुन्हा दगड रचायला लागले.

सुमनवहिनी, आप्पांच्या घरच्या, चहाची किटली घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “सांडवा पायजेच भाऊजी. खालच्या लोकांना पाणी कुठनं येनार ते कळाया नगं?”

वहिनींपुढं मी वाद घालत नाही. त्यांचं माहेर डिंभ्याच्या धरणात गेलेलं. ऐन उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तिकडं जुन्या देवळाचा माथा वर येतो, आणि त्या एसटीनं जाऊन काठावर बसून तो बघून येतात. काय बघितलं ते सांगत नाहीत. एकदाच म्हणाल्या होत्या, आईनं शेवटच्या दिवशीही उंबरा सारवला होता, आणि ओल वाळायच्या आत आम्ही निघालो.

अशा गावातून त्या आमच्याकडं नांदायला आल्या आणि पहिलं काम काय पडलं अंगावर, तर विहीर! नवराबायकोनं खणली. आप्पा खाली पहार घेऊन आणि वहिनी वर पाट्या ओढायला. मी तेव्हा बारका होतो. खडक असा, की पहारीला घाम फुटायचा. पाणी लागलं त्या दिवशी सगळी वाडी नाचली, आणि वहिनी मात्र घाबऱ्या होऊन चिंचेखाली जाऊन बसल्या. खालून वर येणारं पाणी बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली कळशी त्यांनीच काढली.

तर पारसशेठनी रूळ आणले, जोडले, आणि तो ठरलेला गोल प्लायवूडवर ठेवला. समुद्राकडची बाजू किनाऱ्यालगत झोकात बसली. गावाकडची बाजू नेमकी वाटीवर.

आता पुन्हा त्या ओरडण्यापाशी येतो.

“आप्पा,” पारसशेठ शक्य तितक्या हळू म्हणाले, “रूळ वाकत न्हाईत. वाटी तेवढी वीतभर सरकवू.”

“सरकवून दाखव.”

पारसशेठ मागं सरले. पोटात अन्न नव्हतं तरी. मला हसू आलं होतं, खरं सांगतो. वाटीसाठी एवढा कालवा! पण आप्पांचे हात दिसले. कोपरापर्यंत चिखल, आणि दोन्ही पंजे वाटीवर झाकणासारखे पालथे. खऱ्या विहिरीच्या खडकात सुरुंगाची दारू ठासली ती याच हातांनी. वाटी हलली असती तर काही बिघडलं नसतं, आणि सगळंच बिघडलं असतं. एकदा या लोकांच्या देखत ती सरकली की खरीलाही सरकवा म्हणायला कुणी मोकळं. सगळे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडं बघत होते. उद्या गणपती बसणार होते, मंडपाबाहेर पाऊस, आणि आत गाडी शेठच्या हातात अधांतरी.

“हीर हालत न्हाई,” मागून वहिनी म्हणाल्या. “समुद्र हालवा.”

“वहिनी, समुद्र कसा हालवायचा?”

“पाणी हालतं भाऊजी. मी बघितलंय. आमी तिकडं कुणी जागचं हाललो न्हवतो. पाणीच आलं चालत.”

आम्ही समुद्र गुंडाळला. लाटा पिशवीत भरल्या, होड्या काखेत मारल्या, देवमाशाला नाक दाबून उचललं. मग पूर्वेला समुद्र होता तिथं रुळांचा गोल सरकवला. विहीर सुटली! रूळ तिच्या अंगाला न लागता वळून गेले. पारसशेठनी श्वास सोडला तो ओतूरपर्यंत ऐकू गेला असावा. राहिला समुद्र. तो पसरायला जागा एकच होती, टेबलाच्या पश्चिमेला. खरा समुद्रही तिकडंच आहे म्हणा, म्हणजे भूगोल सुधारला. चंदेरी कागद सळसळत उलगडला आणि थेट माझ्या नर्सरीवर आला. शेड गेली, वाफे गेले, आणि दारातला तो तोंड उघडं टाकलेला माणूस कागदाखाली गडप झाला.

“अरे! अरे! माझ्या नर्सरीवर समुद्र? आधी मला इच्यारायचं तरी!”

हा आवाज कुणाचा, म्हणून मी वळून बघितलं. माझाच होता.

सगळे माझ्याकडं बघत होते. आप्पाही.

“कागद हाये भाऊजी,” वहिनी म्हणाल्या.

मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब गप्प बसण्याची वेळ; जुन्नर-आंबेगावात तिची अजून चर्चा आहे. वहिनींनी कागदाची कड थोडी मागं दुमडली, चिखलाचा माणूस बाहेर काढला, पुसला आणि वरच्या अंगाला नेऊन ठेवला. मग सांड‌व्याचे दगड एकेक करून नव्या जागी रचले, त्याचं तोंड वस्तीकडून वळवून. आप्पांनी त्यांना दगड पुरवले. सगळं झाल्यावर त्यांनी खिशातून एक पांढरा खडा काढला, त्याला चुना लावला आणि वाटीशेजारी, चिंचेच्या अंगाला, ठेवून दिला.

“ह्यो कशाला आप्पा?” मी विचारलं.

“हाये तितं,” ते म्हणाले.

पहिल्या आरतीला मुंगीला शिरायला जागा नव्हती, अर्थात मुंग्या आधीच आत होत्या. चिंचेपलीकडची वाडी, फाट्यावरची माणसं, सगळी लोटली. टाळ थांबले, पारसशेठनी उपास सोडलेला नसावा असा चेहरा करून बटण दाबलं, आणि गाडी निघाली. ‘महाळुंगे पडवळ बंदर’ सोडलं. डोंगराच्या कडेनं गेली. पोरं किंचाळली. आणि तेवढ्यात मला गर्दीत मोजणीचे साहेब दिसले. हातात चपला घेऊन, पहिल्या ओळीत. पोरगेलेसे, चष्म्यावर पावसाचे थेंब. आमच्याकडं कुणालाही आरतीला या म्हणतात, तसं त्यांनाही कुणीतरी म्हणालं असणार. कुणीतरी म्हणजे बहुतेक मीच.

गाडी वळणावर आली. विजेचा दाब उतरला. दिवे पिवळे पडले आणि गाडी धापा टाकत बरोबर वाटीशेजारी उभी राहिली.

“समुद्राला सांडवा?” साहेब हसून म्हणाले. मग त्यांची नजर पुढं सरकली. चिंच. फुटकी पायरी. चुना लावलेला खडा. हसू तिथल्या तिथं विझलं. स्वतः रोवलेला दगड माणूस ओळखतो. ते वाकून बघायला लागले आणि सबंध मंडप त्यांच्या पाठीकडं. कापराचा धूर डोळ्यांत जात होता तरी कुणी पापणी हलवेना.

“ही विहीर...” त्यांनी सुरुवात केली.

“परसाद घ्या,” आप्पा म्हणाले आणि खिरापतीचं ताट पुढं केलं. दिवे भक्कन उजळले, गाडी दचकली आणि वाटीला वळसा घालून गेली.

आजही खरी रेल्वे आलेली नाही. येणार नाही असंही कुणी म्हणालेलं नाही. खुणेचा दगड जागेवर आहे. वहिनींनी त्याच्या बुडाशी घोसाळ्याचं बी टोचलं, आता वेल चढून त्याचा मांडव झालाय. आप्पा मोटर चालू करायला जातात तेव्हा त्याला बगल देऊन जातात. मी तिथून जाताना मोठ्यानं बोलतो. मनातलं धडधडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून माणसाला काहीतरी करावंच लागतं. आवाज हा माझा सांडवा आहे, दुसरं काय.

पण त्याच सांडव्यानं त्या साली वाडी बुडवलीच असती. विसर्जन झालं, पाऊस उघडला, गवताला कोवळं ऊन लागलं, आणि साहेब पक्क्या मोजणीला आले. चिंचेखाली आम्ही सगळे. वहिनी विहिरीच्या काठावर, रिकामी कळशी कमरेवर. साहेबांनी सरळ सांगितलं, “विहीर पडीक असेल तर विषय मिटला, रेषा इथूनच जाईल. चालू असेल तर तसं लिहून वर पाठवतो. मग वरचे बघतील, रेषा सरकवायची की नाही. विहीर चालू आहे का पडीक?”

आप्पा दगडाकडं बघत उभे. वहिनी त्यांच्याकडं बघत होत्या. वारा थांबला होता. साहेबांनी पेन उघडं धरलेलं. ते मिटलं तर? मला राहवलं नाही.

“पडीक? साहेब, ही हीर कंची समजलात? पोळ्याला दगड टाकला तर दसऱ्याला आवाज येतो! दुष्काळात आख्ख्या तालुक्यानं हिचं पाणी प्यालं, वर धरणानं उसनं नेलं! हिचा तळ समुद्राला लागलाय, भरतीच्या वेळी पाणी खारट हुतं, मागल्या साली पोहऱ्यात बांगडा आला व्हता, इच्यारा कुणालाबी!”

मला वाटलं मी विहीर वाचवली. साहेबांचं पेन मात्र कागदावर टेकलंच नाही.

“काका,” ते म्हणाले, “असलं काही लिहिलं तर वरचे म्हणतील, हा विहिरीवर गेलाच नाही. खरंसुद्धा खोटं धरतील.” आणि त्यांनी पेनाचं टोपण हातात घेतलं.

वहिनींनी कळशी खाली ठेवली. ठेवल्याचा आवाज आला.

साहेब आप्पांकडं वळले. “आप्पा, तुम्ही सांगा. हे म्हणतात तशी आहे विहीर?”

आप्पांनी दगडावरची नजर काढली.

“न्हाई,” ते म्हणाले. “साधी हीर हाये. पाणी हाये.”